वाचनालय कोणाच्या पैशावर? वर्गणीपासून सार्वजनिक करापर्यंत

महाराष्ट्राच्या सीमेलगत आणि सीमेपलीकडे जिथे जिथे मराठी माणूस पिढ्यानपिढ्या स्थिरावला, तिथे त्याने तीन गोष्टी हमखास उभ्या केल्या: गणेशोत्सव मंडळ, नाट्यसंस्था आणि वाचनालय. पहिल्या दोन गोष्टी दरवर्षीच्या उत्साहावर चालतात. वाचनालयाला मात्र रोजचा खर्च असतो. पुस्तके घ्यावी लागतात, बांधणी करावी लागते, ग्रंथपालाला पगार द्यावा लागतो, विजेचे बिल भरावे लागते. हा पैसा कुठून येतो, यावर वाचनालयाचे आयुष्य ठरते. आणि पैसा देणारा कोण, यावर कारभार कोणाचा हे ठरते.

अलीकडे आपल्याकडच्या अनेक जुन्या वाचनालयांपुढे एकच प्रश्न उभा आहे. सभासद घटले, ठेवींवरचे व्याज उतरले, कार्यकारिणीतील मंडळी सत्तरीच्या पुढे गेली. अशा वेळी 'संस्था नगरपालिकेकडे किंवा सरकारकडे द्यावी का?' असा विषय सर्वसाधारण सभेत निघतो. मग एक बाजू म्हणते, 'दिली की गेली'. दुसरी म्हणते, 'न दिली तरी जाणारच आहे.' दोन्ही बाजूंना थोडी माहिती हाती असावी, म्हणून हा लेख. वाचनालय कराच्या पैशावर चालवण्याची कल्पना कुठून आली, ती आपल्याकडे कशी पोहोचली, कोणत्या राज्यात आज काय व्यवस्था आहे आणि निर्णय घेण्याआधी काय तपासावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

वर्गणीची वाचनालये

आपली जुनी वाचनालये ब्रिटिश अमदानीत सुरू झाली. रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे आणि बेळगावचे १८४८चे. यांपैकी कित्येकांचे पहिले नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते. स्थानिक इंग्रज अधिकारी, संस्थानिक, सरदार, वकील आणि शिक्षक यांच्या देणग्या व वर्गण्यांवर ती उभी राहिली. पुढे विसाव्या शतकात मराठी मंडळी जिथे जिथे होती तिथे हीच रीत गेली. हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२चे.

या रीतीचे गुण मोठे. पैसा आपला, म्हणून निर्णय आपला. कोणते मासिक घ्यायचे, कोणत्या लेखकाला व्याख्यानाला बोलवायचे, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. हिशेब सभासदांसमोर वाचला जातो आणि शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर सभेत कोणीतरी उठून विचारतोच.

उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. ज्याला वर्गणी परवडत नाही तो दाराबाहेर राहतो. चांगल्या काळात सभासद वाढतात, पण वाईट काळात, म्हणजे वाचनालयाची गरज जास्त असते तेव्हा, घरखर्चात पहिली कात्री वर्गणीलाच लागते. तिसरी उणीव आम्हा बँकेतल्या लोकांना चटकन दिसते. आजीव सभासदाने तीस वर्षांपूर्वी एकदा भरलेली रक्कम केव्हाच संपलेली असते, सभासदाचा हक्क मात्र तसाच उभा असतो. ताळेबंदात ही देणी कुठेच दिसत नाहीत.

या उणिवांवरचा उपाय म्हणून कराच्या पैशाची कल्पना पुढे आली. तिची सुरुवात एखाद्या राजधानीत न होता एका लहान गावात झाली.

पीटरबरो, १८३३

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे छोटे राज्य आहे. तेथील पीटरबरो हे नदीकाठचे गिरण्यांचे गाव, त्या काळी सुमारे दोन हजार वस्तीचे. गावात वर्गणीवर चालणारे ग्रंथसंग्रह आधीही होऊन गेले होते. पण ते भागधारकांचे होते. ज्याचा भाग त्याला पुस्तक.

न्यू हॅम्पशायरच्या सरकारला १८२०च्या सुमारास स्वतःचे विद्यापीठ काढायचे होते. तेथील डार्टमथ कॉलेज सरकारी ताब्यात घेण्याचा प्रयत्न १८१९ साली सर्वोच्च न्यायालयात फसला होता. मग सरकारने १८२१ साली बँकांच्या भांडवलावर कर बसवून एक 'साहित्य निधी' सुरू केला. विद्यापीठ काही झाले नाही, पण पैसा साठत गेला. शेवटी १८२८ साली असे ठरले की हा निधी दरवर्षी गावागावांत वाटावा आणि गावांनी तो शाळांसाठी 'किंवा शिक्षणाच्या अन्य कामासाठी' वापरावा. बहुतेक गावांनी तो शाळांवर खर्च केला.

पीटरबरोत रेव्हरंड एबियल ॲबट नावाचे धर्मोपदेशक होते. गावातील मुलांसाठी त्यांनी आधीच एक छोटा ग्रंथसंग्रह चालवला होता. 'शिक्षणाचे अन्य काम' या तीन शब्दांत वाचनालयही बसते, हे त्यांच्या ध्यानात आले. ९ एप्रिल १८३३ रोजी गावसभा भरली आणि या निधीचा काही भाग गावाच्या वाचनालयासाठी पुस्तके घेण्यास वापरावा, असे ठरले. वाचनालय गावातील सर्वांसाठी, आणि फुकट. पुस्तके एका किराणा दुकानात ठेवली गेली. त्याच दुकानात टपाल कचेरी होती. पत्र न्यायला येणारा माणूस जाताना पुस्तक घेऊन जाई. स्वतंत्र इमारत व्हायला १८९३ साल उजाडले.

कराच्या पैशावर सुरू झालेले आणि अखंड चाललेले पहिले मोफत सार्वजनिक वाचनालय, असा पीटरबरोचा लौकिक आहे. पहिलेपणाचा मान वाचनालयाचे अभ्यासक आपसात ठरवोत. आपल्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, पैसा एकदाच मिळालेल्या देणगीचा नव्हता. दरवर्षी येणारा होता. दुसरी, तो वाचनालयासाठी वापरावा हा निर्णय गावाने स्वतः, सभेत, हात वर करून घेतला. तिसरी, कर ज्याने भरला आणि ज्याने भरला नाही, अशा दोघांनाही पुस्तक मिळणार होते.

आणि हा कर बँकांवरचा होता, ही गोष्ट निवृत्त बँकवाल्यांनी जरा अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

पैसा गावाचा, चावी विश्वस्तांकडे

पीटरबरोची सोय दैवयोगाने आलेल्या निधीवर उभी होती. १८४९ साली न्यू हॅम्पशायरने कायदाच केला की कोणत्याही गावाला वाचनालयासाठी आपल्या रहिवाशांवर कर बसवता येईल. राज्यभराला लागू असा हा अमेरिकेतील पहिला कायदा मानला जातो.

खरा धडा पुढे तयार झालेल्या कारभाराच्या पद्धतीत आहे. न्यू हॅम्पशायरच्या आजच्या कायद्याप्रमाणे गावाच्या वाचनालयाचा ताबा आणि व्यवस्थापन विश्वस्त मंडळाकडे असते. गावातील मतदार हे विश्वस्त निवडून देतात. मंडळ दरवर्षी अंदाजपत्रक तयार करून गावापुढे ठेवते. गावाने रक्कम मंजूर केली की ती वाचनालयावर कशी खर्चायची हे विश्वस्त ठरवतात. ग्रंथपालाची नेमणूक तेच करतात, मात्र विश्वस्ताला स्वतः ग्रंथपाल होता येत नाही. वर्षअखेरीस गावाला अहवाल द्यावा लागतो.

म्हणजे किती पैसा द्यायचा हे करदाते ठरवतात, आणि तो कोणत्या पुस्तकावर खर्च करायचा हे विश्वस्त. गावच्या पुढाऱ्याला एखादे पुस्तक आवडले नाही म्हणून ते कपाटातून काढता येत नाही. विश्वस्तांना मनमानी करावीशी वाटली तर पुढच्या निवडणुकीत मतदार आहेतच. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर करणारा आणि रक्कम उचलणारा एकच नसावा, हा नियम येथे पाळला आहे.

इंग्लंडचा अर्धा पेनी आणि कार्नेगींची अट

इंग्लंडात १८५० साली विल्यम इवर्ट यांच्या प्रयत्नाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी कर वाचनालयासाठी घेण्याची मुभा मिळाली. अट अशी की शहरातील दोन तृतीयांश मतदारांनी होकार द्यायला हवा. आणखी एक गमतीची तरतूद होती: या पैशातून इमारत बांधता येई, नोकर ठेवता येत, पण पुस्तके घेता येत नसत. पुस्तके लोक देणगी देतील, असा सरकारचा विश्वास होता!

हिशेब करून पाहू. एखाद्या गावाचे करपात्र मूल्य २०,००० पौंड धरले, तर पौंडामागे अर्धा पेनी म्हणजे १०,००० पेन्स, म्हणजे सुमारे ४२ पौंड. एवढ्यात वर्षभर इमारत आणि नोकर दोन्ही सांभाळायचे. कायदा कागदावर उत्तम, पण लहान गावांना परवडेना. १८५५ साली कर एक पेनीपर्यंत वाढवण्याची आणि पुस्तके घेण्याची मुभा मिळाली, लोकसंख्येची अट पाच हजारांवर आली. ही एक पेनीची मर्यादा सुटायला मात्र १९१९ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात अँड्र्यू कार्नेगी हे अमेरिकेतील पोलादसम्राट दाते पुढे आले. त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर वाचनालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी सुमारे १,७०० अमेरिकेत. पण त्यांची अट कडक होती. जागा गावाने द्यायची; आणि इमारतीसाठी जितकी देणगी, तिच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी करातून वाचनालयासाठी देण्याचे लेखी वचन द्यायचे. दहा हजार डॉलरची इमारत हवी तर दरवर्षी एक हजार डॉलर. काही गावांनी या अटीपायी देणगी नाकारली. इमारत एकदा बांधून होते, खर्च कायमचा असतो, हे कार्नेगींना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे एखादा दाता 'कै. मातोश्रींच्या नावाने' दालन बांधून देतो आणि पुढे त्याच दालनाचा दिवा बदलायला पैसे नसतात. अशा प्रत्येक वेळी ही दहा टक्क्यांची अट आठवते.

बडोद्याची एक तृतीयांश वाटणी

अमेरिकेतील हा विचार मराठी माणसापर्यंत थेट पोहोचला तो बडोद्यात. महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेस गेले होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे वाचायलाच काही मिळाले नाही, तर अक्षरे विसरायला वेळ लागत नाही. म्हणून शाळेपाठोपाठ वाचनालय हवे, असा महाराजांचा विचार होता. १९१० साली त्यांनी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणले. बोर्डन तेथे एका सभासदांच्या, म्हणजे वर्गणीच्या ग्रंथालयाचे काम पाहत असत. बडोद्यात त्यांच्याकडे आले ते संपूर्ण संस्थानाचे मोफत वाचनालय उभारण्याचे काम.

संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खाते झाले. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील हजारो ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. खेड्यांसाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. त्यांचा वाहतूक खर्च संस्थान भरत असे. १९१३ साली बोर्डन परत गेले. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम सांभाळले, आणि गावोगाव लोकांना वाचनालय काढण्यास उभे करण्यात मोतीभाई अमीन यांचा वाटा फार मोठा होता.

आमच्या मते या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे पैशाची वाटणी. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत जितकी रक्कम जमवायची, तितकीच स्थानिक पंचायतीने घालायची आणि तितकीच सरकारने. इमारतीसाठीही हीच एक तृतीयांशाची पद्धत. कारभार स्थानिक समितीकडे, तपासणी खात्याकडे.

यात लोकांची वर्गणी संपत नाही. तिला सार्वजनिक पैसा जोडला जातो. गावाने काही जमवलेच नाही तर सरकारही देत नाही, म्हणून गाव जागे राहते. गावाने एक रुपया जमवला तर तीन रुपये होतात, म्हणून जमवणाऱ्याला हुरूप येतो. आणि तिघांचा पैसा असल्यामुळे हिशेब तिघांनाही दाखवावा लागतो. वडोदऱ्यातील मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत, तिची पोलादी कपाटे आणि काचेची जमीन आपल्यातील अनेकांनी पाहिली असेल. त्या इमारतीइतकीच ही वाटणी आपल्या आठवणीत राहायला हवी.

आज कोणत्या राज्यात काय?

राज्यघटनेत ग्रंथालये हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्या सभासदांची घरे ज्या राज्यांत आहेत, त्यांपैकी काहींची स्थिती थोडक्यात अशी:

कर्नाटक (बेळगाव व सीमाभाग): १९६५चा कायदा. घरपट्टीवर सहा टक्के ग्रंथालय उपकर. २,००० रुपये घरपट्टी असेल तर १२० रुपये. शहर व जिल्हा पातळीवर ग्रंथालय प्राधिकरणे आहेत, पण रोजचा कारभार राज्य सरकारच्या ग्रंथालय खात्याकडे आहे. ग्रामपंचायतींची पाच हजारांहून अधिक ग्रंथालये २०१९ साली ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे सोपवण्यात आली. त्यानंतर मुलांना फुकट सभासद करून घेण्याची मोहीम ग्रामपंचायतींनी चालवली.

तेलंगण (हैदराबाद): येथे हैदराबाद राज्याचा स्वतंत्र कायदा १९५५ सालीच झाला होता. त्यानंतर आंध्र प्रदेशचा १९६०चा कायदा आला आणि तेलंगणात तीच चौकट पुढे चालू आहे. मालमत्ता करावर रुपयामागे आठ पैसे उपकर. २,००० रुपयांवर १६० रुपये. जिल्हा आणि शहर 'ग्रंथालय संस्था' हा पैसा वापरतात.

गोवा: १९९३चा कायदा. येथे उपकराचा भार घरपट्टीऐवजी मद्यावर आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चे, म्हणजे पीटरबरोपेक्षा एका वर्षाने वडील.

गुजरात (वडोदरा): २००१चा कायदा. यात उपकराची तरतूद नाही.

महाराष्ट्र: १९६७चा कायदा. उपकर नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकार मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवते आणि वर्गानुसार अनुदान देते. कारभार सभासदांनी निवडलेल्या कार्यकारिणीकडेच राहतो. आजच्या महाराष्ट्रातील कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता, आणि तो भारतातील पहिला मानला जातो. कराची जोड असलेला पहिला मोठा कायदा मद्रासचा, १९४८ सालचा, त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन होते.

थोडक्यात दोन तऱ्हा दिसतात. कर्नाटक-तेलंगणाच्या तऱ्हेत पैसा कराचा, म्हणून हक्काचा, पण वाचनालय सरकारी यंत्रणेचे. महाराष्ट्राच्या तऱ्हेत वाचनालय लोकांचे, पण पैसा अनुदानाचा, म्हणून दरवर्षी वाट पाहायला लावणारा. पीटरबरोत कराचा पैसा आणि लोकांनी निवडलेले मंडळ या दोन गोष्टी एकत्र आल्या. आपल्याकडे त्या बहुधा वेगवेगळ्या राज्यांत राहिल्या.

कराचा पैसा वाटेत कुठे अडतो?

कायद्यात उपकर लिहिला म्हणजे तो वाचनालयाच्या खात्यात पडलाच असे नाही. घरपट्टी गोळा करते नगरपालिका. उपकर तिच्या पावतीत वेगळ्या ओळीत असतो. पण पैसा एकाच खात्यात जमा होतो. तिथून तो ग्रंथालयाकडे वळता करायचा असतो. नगरपालिका स्वतःच अडचणीत असली की ही रक्कम मागे राहते. बेंगळूरु आणि हैदराबाद या दोन्ही महानगरांत ग्रंथालय उपकराच्या मोठ्या थकबाकीच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत.

नोकरदाराच्या पगारातून आयकर कापून घ्यायचा आणि सरकारजमा करायचा नाही, असे एखाद्या मालकाने केले तर त्याला व्याज आणि दंड दोन्ही भरावे लागतात. ग्रंथालय उपकरही करदात्याकडून एका विशिष्ट कामासाठी घेतलेला पैसा आहे. त्यालाही हाच न्याय हवा. नागरिक म्हणून आपण एक साधी गोष्ट करू शकतो: आपल्या घरपट्टीच्या पावतीवर उपकराची ओळ आहे का ते पाहावे, आणि गेल्या वर्षी शहरात एकूण किती उपकर जमला व किती पुढे पाठवला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाचे शुल्क किरकोळ आहे. प्रश्न विचारला जातो एवढे कळले तरी पुष्कळदा फाईल हलते.

दुसरी अडचण खर्चाच्या वाटणीची. सरकारी वाचनालयात पगार आणि आस्थापना आधी भागतात, पुस्तके शेवटी. तिसरी अडचण आपल्या दृष्टीने नाजूक आहे. खरेदी राज्य पातळीवर ठरली की यादी साहजिकच राज्यभाषेची आणि इंग्रजीची होते. गावातील पाव वाचक मराठी असले, तरी कपाटात मराठीचा पाव हिस्सा येईलच असे नाही. यात कोणाचा द्वेष असतोच असे नव्हे. यादी करणाऱ्याला आपला वाचक दिसत नाही, एवढेच. तो दिसावा यासाठी निर्णयाच्या खोलीत स्थानिक माणूस बसलेला असावा लागतो.

हस्तांतराआधी काय तपासावे?

वाचनालय सार्वजनिक निधीकडे न्यावे की नाही, याचे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. ज्या संस्थेकडे निधी आहे, तरुण कार्यकर्ते आहेत, तिने स्वतंत्र राहून सरकारी अनुदान वा पुस्तकरूपी मदत घ्यावी. जिथे दार आठवड्यातून दोनच दिवस उघडते, तिथे सार्वजनिक व्यवस्थेचा विचार करणे वाचकाच्या हिताचे आहे. विचार करताना पुढील मुद्दे लेखी स्वरूपात ठरवून घ्यावेत.

१. जागा. मालकी द्यायची की वापराचा करार करायचा? शक्यतो जागा संस्थेच्या नावावर ठेवून ठरावीक वर्षांचा करार करावा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र व गुजरातमध्ये स्थावर मालमत्ता देण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती न घेता केलेला ठराव कामाचा नाही.

२. कायम निधी. देणगीदारांनी ज्या हेतूने रक्कम दिली, तो हेतू पावतीवर वा पत्रात पाहावा. व्याख्यानमालेसाठी दिलेली ठेव वीजबिलात जाऊ नये. असा निधी संस्थेकडेच ठेवून त्याचे व्याज वाचनालयाला देता येते.

३. ग्रंथसूची. हस्तांतराच्या दिवशी प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी तयार व्हावी. दुर्मीळ पुस्तके, जुन्या मासिकांचे बांधीव अंक आणि संस्थेची इतिवृत्ते यांची वेगळी यादी करावी आणि ती बाद करता येणार नाहीत असे कलम घालावे. जुनी पुस्तके रद्दीत जातात ती बहुधा दुष्टपणाने जात नाहीत. यादी नसल्यामुळे जातात.

४. भाषा. दरवर्षीच्या पुस्तकखरेदीत मराठीचा किमान वाटा किती, हे आकड्यात लिहावे. 'योग्य प्रमाणात' असा शब्दप्रयोग टाळावा. योग्य म्हणजे किती, यावर पुढे वाद होतो आणि वादात दुर्बळ बाजू हरते.

५. समिती. वाचकांचे किती प्रतिनिधी, ते कोण निवडणार, मुदत किती, बैठक वर्षातून किती वेळा? सल्लागार समितीला अधिकार नसतात. खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीत जागा मागावी.

६. खाते. वाचनालयाचे बँक खाते वेगळे असावे आणि वार्षिक जमाखर्च फलकावर लावला जावा. मोठ्या खात्यात मिसळलेला पैसा शोधणे म्हणजे दुधातले पाणी वेगळे करण्यासारखे आहे.

७. माघार. अटी पाळल्या नाहीत, वा वाचनालय ठरावीक काळ बंद राहिले, तर जागा व पुस्तके संस्थेकडे परत यावीत असे कलम हवे. त्यासाठी संस्था विसर्जित न करता नावापुरती का होईना जिवंत ठेवावी, वार्षिक सभा घ्यावी, विवरणपत्रे भरावीत. मालकच उरला नाही तर परत कोणाला करणार?

शेवटी

'मी वाचत नाही, मग मी कर का भरू?' हा प्रश्न १८५०च्या इंग्लंडातही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. आपल्याला मूल नसले तरी आपण शाळेसाठी कर भरतो, घराला आग लागली नसली तरी अग्निशमन दलासाठी भरतो. वाचनालयही त्याच पंक्तीतले आहे. कराचा पैसा आला की सभासदाचा मुलगा आणि रस्त्यावरच्या चहावाल्याचा मुलगा एकाच टेबलावर बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करू शकतो. वर्गणीच्या वाचनालयाला हे मनात असूनही पूर्ण करता येत नाही.

पण कर भरला की आपले काम संपले, असे मानणारे गाव वाचनालय गमावते. पीटरबरोत गावसभा होती, बडोद्यात गावकऱ्यांचा तिसरा हिस्सा होता. दोन्हीकडे माणसे हिशेब विचारायला हजर होती. आपल्या पूर्वजांनी परमुलखात पदरचे पैसे घालून पुस्तके जमवली. ती पुढच्या पिढीसाठी उघडी ठेवायला सार्वजनिक पैसा लागला, तर तो संकोच न बाळगता मागावा. मागताना समितीतली खुर्चीही मागावी, आणि मिळाल्यावर बैठकीला जावे.

ज्या सभासदांच्या गावी जुने मराठी वाचनालय आहे, त्यांनी पुढच्या सुटीत तिथे एक चक्कर टाकावी. पुस्तक घ्यावेच, त्याबरोबर गेल्या वर्षीचा जमाखर्चही पाहायला मागावा.